भडंग आणि बंद दार : प्रकल्प नोंदी

19 जून 2024, बुधवार

कुत्रा : भडंग. गावठी, नर, वय अंदाजे सात महिने. पिवळट अंगावर तांबडे-काळे ठिपके, म्हणून चिरंजीवांनी हे नाव ठेवलं. एप्रिलअखेर परीक्षा आटोपल्या त्या आठवड्यात घरी आला. त्याआधी रंकाळ्याजवळच्या एका गल्लीत, हातगाडीखाली, आई आणि भावंडांसोबत.

घर : कोल्हापूर, राजारामपुरी, तिसरा मजला. माणसं तीन. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, हे शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत (पाळ्या बदलत्या), आणि आठवीतले चिरंजीव.

अडचण : मे महिनाभर घरात कोणी ना कोणी होतंच. भडंगच्या हिशेबात घर म्हणजे जिथे माणूस असतंच अशी जागा. 15 जूनला शाळा उघडल्या, ह्यांची पहिली पाळी लागली आणि घर रिकामं झालं. गल्लीत तो कधी एकटा नव्हता आणि कधी कोंडलेलाही नव्हता. इथे दोन्ही एकदम अंगावर आलं.

तक्रार खालच्या काकांकडून आली. "मॅडम, आमची झोप गेली ते सोडा. पण ते पोरगं लई घाबरलंय वो. असं रडणं मी ऐकलं न्हाई." तक्रार अशा शब्दांत आली हे आमचं नशीब.

उद्दिष्ट : हे पहिल्या पाळीला असले की सकाळी पावणेअकरापासून दुपारी साडेतीनपर्यंत घर रिकामं. वरच्या मजल्यावरच्या आजी वामकुक्षी आटोपून पावणेतीनला खाली येऊन बसायला तयार आहेत. म्हणजे भडंगला सलग चार तास एकटं राहता यायला हवं. मुदत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. 'राहता येणं' म्हणजे पडून असणं, डुलकी काढणं, उठून पाणी पिणं, इकडेतिकडे फिरणं. रडून रडून दमल्यावर गप्प होणं यात मोजायचं नाही.

20 जून, गुरुवार

आधी बघायचं, मग ठरवायचं. जुना फोन चपलांच्या कपाटावर टेकवून ठेवला, व्हिडिओ कॉल चालू, आवाज फक्त माझ्याकडे येईल असा. दार लावून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले.

पहिलं मिनिट पूर्ण व्हायच्या आत दाराशी कुईकुई. मग दार ते बेडरूम, बेडरूम ते दार अशा चकरा. पावसाळी गार हवा असून तोंड उघडं, जीभ बाहेर, धाप. पाचव्या मिनिटाला मान वर करून लांबलचक रडणं सुरू झालं. दाराच्या चौकटीला नखं. फरशीवर लाळेचं थारोळं. जाताना ठेवलेल्या उकडलेल्या चिकनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी वर आले तेव्हा वाटी होती तशी भरलेली.

चिकनची वाटी ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी खूण. कंटाळलेलं पिल्लू आधी वाटी चाटून पुसून साफ करतं आणि मग उशी फाडायला घेतं. शिवाय त्याची नासधूस घरभर असते, जे तोंडाला लागेल ते. भडंगने शनिवारपासून जे फाडलंय ते सगळं बाहेर जायच्या वाटेवरचं: चौकट, दाराजवळचा पडदा, पायपुसणं. सोफ्याला दात लावलेला नाही. हा खोडकरपणा नाही, ही धडकी आहे. आणि ती आपण गेल्यावर तासाभराने चढत नाही, पहिल्या काही मिनिटांतच चढते. म्हणजे 'एक तास सोडून बघू, मग दोन तास' याला काही अर्थ नाही. पहिलं मिनिट सुटलं पाहिजे.

हे म्हणाले, "पडदा फाडल्यावर तोंड पाडून बसतो की, म्हणजे चूक कळते त्याला." यावर काम झालेलं आहे. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये कुत्र्यांच्या त्या ओशाळ्या चेहऱ्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खरोखर आगळीक केली होती की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध लागला नाही, मालक रागावला की नाही याच्याशी लागला. भडंगचं तोंड ह्यांच्या भुवया बघून पडतं. परत आल्यावर रागावलं तर एकटेपणाच्या भीतीत माणूस परत येण्याची भीती मिसळते, एवढंच. घरात ठराव झाला: फाडलेलं मुकाट उचलायचं.

23 जून, रविवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान, पोट, लघवी सगळं ठीक. पक्के दात आलेत, त्यामुळे 'दात शिवशिवतात म्हणून चावतो' हा समोरच्या वहिनींचा सिद्धांत बाद. व्हिडिओ बघून डॉक्टर म्हणाले, सेपरेशन अँक्झायटी, म्हणजे एकटं पडण्याची भीती. खच्चीकरण योग्य वेळी करूच, पण त्याने हे जाईल अशी आशा धरू नका. औषधाचं आत्ता नको, आधी महिनाभर शिकवून बघा.

त्यांनी घातलेली अट मात्र जड आहे: शिकवणं चालू असेपर्यंत त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचंच नाही. रोज सकाळी पाच मिनिटांचा सराव आणि दुपारी चार तासांची धडकी, असं केलं तर तो धडकीच लक्षात ठेवणार.

मग फ्रिजवर तक्ता लागला. ह्यांनी एका सहकाऱ्याशी बोलून काही महिने दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे दुपारपर्यंत ते घरी. त्यांची पाळी तीनची, निघतात अडीचला. तिथून आम्ही दोघं परत येईपर्यंत आजी, किंवा आजींच्या घरी भडंग. आजींचे गुडघे दुखतात तेव्हा वहिनी. शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा प्रश्न नाही. चिरंजीवांनी रविवारच्या क्रिकेटवर गदा येणार का हे आधी विचारून घेतलं. येणार.

खरं सांगायचं तर या प्रकल्पातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. कुत्रा शिकवणं त्यामानाने सोपं. ज्यांच्या घरी आजी नाही, वर आजी नाही, पाळी बदलून देणारा मित्र नाही, त्यांनी काय करावं? शहरात दिवसभर कुत्रा सांभाळणारी माणसं मिळतात, पैसे मोजावे लागतात. दुसरा उपाय मला सुचत नाही.

27 जून, गुरुवार

भडंगची भीती दार लावल्यावर सुरू होत नाही हे आज ध्यानात आलं. सव्वादहाला मी साडीला पिना लावायला घेतल्या आणि तो आरशाखाली येऊन बसला. कान मागे, ओठ चाटतोय, जांभया देतोय. झोपेच्या जांभया नव्हेत त्या. पुढे डबा भरण्याचा आवाज, पाण्याची बाटली, घड्याळ, पर्स, गाडीची किल्ली. प्रत्येक पायरीला तो एक इंच बारीक होत जातो. दारापर्यंत पोचते तेव्हा धाप लागलेलीच असते.

म्हणून आता या सगळ्या वस्तूंचा अर्थ पुसायचा. किल्ली उचलायची आणि भाजी निवडत बसायचं. पर्स खांद्याला लावून टीव्ही बघायचा. सोमवारी शाळेत साडी सक्तीची. उद्यापासून मी सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, अवेळीही साडी नेसून बसणार. आजींनी विचारलं, "कुणाकडं कार्यक्रम हाय का?" म्हटलं, भडंगसाठी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

30 जून, रविवार

मिळालेले सल्ले नोंदवून ठेवते, कारण रोज कोणी ना कोणी तेच देतं.

'गॅलरीत साखळीला बांधा, चार दिवस ओरडेल आणि गप्प बसेल.' गप्प बसेलही. घाबरून थिजणं आणि शांत होणं हे बाहेरून सारखंच दिसतं. शिवाय आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हे 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 मध्ये येतं.

'पिंजरा आणा.' काही कुत्र्यांना लहानपणापासून सवय लावली तर पिंजरा आवडतोही. पण कोंडलं जाण्यालाच जो घाबरतो त्याला आणखी लहान जागेत कोंडलं तर नखं आणि दात गजांवर तुटतात.

'दुसरं कुत्रं आणा, सोबत होईल.' ही कल्पना मलाही मोहात पाडते. पण आजी घरी असताना भडंग शांत असतो, आणि समोरच्या वहिनींचा पॉमेरियन आणून ठेवून आम्ही खाली गेलो तर दोघंही रडले. त्याला माणूस हवंय.

'तुम्हीच लाडावून ठेवलाय.' यावर वाद घालत नाही. घाबरलेल्या जिवाला जवळ घेतल्याने भीती वाढते असं मानायला मला काही आधार सापडलेला नाही. रात्री पायाशी झोपतो, झोपू दे.

6 जुलै, शनिवार

घरातल्या घरात दारं. भडंग माझ्या मागे बाथरूमपर्यंत येतो आणि दाराखालच्या फटीला नाक लावून बसतो. सुरुवात तिथून केली. हॉलमध्ये त्याची जुनी गोधडी घातली, तिच्यावर बसला की रताळ्याचा तुकडा. मग मी स्वयंपाकघरात जाऊन लगेच परत. मग भांडं घासून परत. मग बेडरूमचं दार लोटून परत. मग कडी लावून परत.

खाऊबद्दल. डब्यात रताळं, गाजर, उकडलेलं चिकन, मीठ न घातलेलं पनीर, बिनसाखरेचं दही गोठवून. कांदा, लसूण, चॉकलेट आणि द्राक्षं-बेदाणे हे कुत्र्याला विषारी, आणि सांगलीचे पाहुणे येताना बेदाणेच आणतात, तेव्हा डबा वरच्या फळीवर. 'शुगरफ्री' लिहिलेल्या पदार्थांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर तेही जिवावर बेतू शकतं. आमच्याकडच्या भडंगात लसूण चांगला सढळ असतो, त्यामुळे भडंगला भडंग बंद.

चाटायला काही देऊन निघून जाण्याचा उपाय बरेच जण सांगतात. आमचा अनुभव: गोठवलेलं दही संपेपर्यंत तो व्यग्र असतो, संपल्यावर मान वर करतो, घर रिकामं दिसतं, आणि मग नेहमीपेक्षा जोरात रडतो. खाण्याने त्याचं लक्ष दुसरीकडे जातं, एकटं राहणं तो शिकत नाही. म्हणून बाहेरच्या दाराचा सराव खाऊशिवाय करणार.

14 जुलै, रविवार

आता बाहेरचं दार. आपल्याकडे फ्लॅटमधून बाहेर पडणं म्हणजे एकच दार नसतं. आतलं लाकडी दार, त्याची कडी, मग जाळीचं सेफ्टी डोअर, त्याचं कुलूप, मग लिफ्टचं बटण, लिफ्टची ओढायची जाळी, आणि जाळी नीट बसली नाही तर दार बंद करा म्हणून घोकणारी ती लिफ्टमधली बाई. भडंगला हा सगळा क्रम आवाजाने पाठ आहे. लिफ्टची जाळी खडखडली की तो आशा सोडतो. रडणं तिथून सुरू होतं.

म्हणून क्रम तोडला. लाकडी दार उघडलं, मिटलं, आत आले. जाळी उघडली, मिटली, आत आले. मग दोन्ही. कडी न लावता बाहेर, एक श्वास, आत. कडी लावून. कुलूप घालून. लिफ्ट या टप्प्यावर वर्ज्य, जिन्यानेच खाली. लिफ्टची जाळी चिरंजीव मधूनच वाजवून येतात, मी तेव्हा घरात चहा पीत बसलेली असते.

मोजायचं काय, हे आता नक्की झालं: भडंगचं तोंड. मिटलेलं असेल तर पुढे जायचं. उघडून धाप लागली, पुढचा पाय अधांतरी उचलला गेला, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसलं, की तो फेरा जास्त झाला, पुढचा सोपा करायचा. घड्याळ त्यानंतर.

फेरे रोज थोडेच आणि बहुतेक सोपे. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लांब जायचं नाही. दर वेळी अवघड होत जाणारा पेपर मुलांनाही नकोसा होतो. लांब, मग आखूड, मग अगदीच क्षणभर, मग मध्यम. पुढचा फेरा केवढा हे त्याला ओळखता येता कामा नये.

आजचा सगळ्यात लांब शांत वेळ चार मिनिटं. शेवटी तो दारापासून उठून पाणी प्यायला गेला. पार्किंगमध्ये मी एकटीच हसत होते.

27 जुलै, शनिवार

राधानगरीतून पाणी सोडलंय, पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. शाळेला सुट्टी. ह्यांचे शिरोलीचे रस्ते कधी चालू कधी बंद. आमच्या भागात पाणी नाही, पण नदीकाठची एक मावसबहीण मुलांसह आमच्याकडे आलीय. घरात सात माणसं. भडंग इतका खूश कधीच नव्हता. सराव शून्य. बाहेर जायला जागाच नाही.

5 ऑगस्ट, सोमवार

पाहुणे गेले, शाळा सुरू. आज चार मिनिटांचा फेरा घ्यायला गेले, एक मिनिटही टिकला नाही. मेच्या सुट्टीत झालं तेच छोट्या प्रमाणात पुन्हा: घर माणसांनी भरलं, मग रिकामं झालं. मागच्या पायरीवर, म्हणजे जाळीचं दार उघड-मीट.

डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. या वेळी त्यांनी चिंता कमी करणारं औषध सुरू केलं, फ्लुओक्सेटीन. गुंगीचं औषध नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. अंग सुस्त करून भीती आत तशीच ठेवणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. हे रोज द्यायचं, परिणाम दिसायला महिना-दीड महिना, भूक काही दिवस कमी होईल, आपल्या मनाने थांबवायचं नाही. माहिती काढली: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्लोमिप्रामीन या अशाच दुसऱ्या औषधाला 1998 मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला 2007 मध्ये कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्यता दिली, दोन्ही वेळा शिकवणीच्या जोडीने वापरायचं म्हणून. माणसांचं औषध माणसांच्या मात्रेत घरी कुणी देऊ नये, हे वेगळं सांगायला नकोच.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की मॅडम कुत्र्याला डोक्याच्या गोळ्या देतात. बीपीच्या गोळ्या खाणाऱ्या माणसांनी ती पसरवली.

आणखी एक अडचण: आजपासून श्रावण. घरात चिकन-अंडं शिजणार नाही. भडंगचा पगार पनीरमध्ये. पनीरचा भाव बघता हे म्हणाले, गॅलरीत वेगळी शेगडी मांडून मी शिजवतो. सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, "मुक्या जिवाला कसला श्रावण?" प्रश्न मिटला.

19 ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. भडंगची भूक परतली. पुन्हा मिनिटांवर आलोय. तक्त्यावरचा आलेख चिरंजीव काढतात: करवतीसारखा वर-खाली, पण दातांची टोकं हळूहळू उंच चाललीत. आजचं टोक अकरा मिनिटं.

सकाळचं फिरणं बदललं. आधी रंकाळ्याच्या कडेने झपाझप चालायचो, तो दमला की एकटा झोपेल या हिशेबाने. दमायचा, पण घरी येऊन तितकाच अस्वस्थ. आता अंतर निम्मं, आणि त्याला हवं तिथे हवं तेवढं हुंगू देते. एका खांबाशी कधी कधी इतका वेळ जातो की भेळवाले विचारतात काय हरवलंय. घरी येतो तेव्हा डोळे जड झालेले असतात.

1 सप्टेंबर, रविवार

सोसायटीच्या ग्रुपवर पाळीव प्राण्यांना बंदी घालण्याचा ठराव कुणीतरी मांडला. भारतीय पशुकल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आणि कुत्रा भुंकतो हे कारणही त्यासाठी चालत नाही. तो कागद माझ्याकडे आहे. ग्रुपवर टाकला नाही. टाकला असता तर वाद जिंकले असते आणि खालचे काका गमावले असते. त्याऐवजी सरावाची वेळ लिहून टाकली: संध्याकाळी सहा ते साडेसहा, रडल्याचा आवाज आला तर मला कळवा, मी खालीच असते.

काकांनी ते काम अंगावरच घेतलं. आता रोज मेसेज येतात. 'गप हाय.' 'थोडं कुईं केलं, मग गप.' 'काय करतोय? आवाजच न्हाई.' कॅमेऱ्यात दिसतंच, पण काकांना सांगत नाही.

पंचवीस मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत एकदा दाराशी, मग गोधडीवर.

12 सप्टेंबर, गुरुवार

गणपती 7 तारखेला आले, आज गौरींबरोबर घरचे गेले. मंडळांचे अजून आहेत आणि डॉल्बीने खिडकीच्या काचा थरथरतात. या दिवसांत बाहेरच्या दाराचा सराव पूर्ण बंद. मोठ्या आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती पुष्कळ कुत्र्यांत जोडीने राहतात. एकटा असताना एकदा दणका बसला, तर एकटं असणं म्हणजेच दणका असा हिशेब तो मांडेल, आणि तो पुसायला मला वेगळा श्रावण लागेल.

घर मात्र रिकामं राहू दिलं आणि भरूही दिलं: दर्शनाला पाहुणे आले की भडंग आजींकडे वर, ते गेले की खाली. रोज थोडा वेळ बेडरूमचं दार लावून त्याला हॉलमध्ये ठेवलं. जुलैतला धडा एवढाच की गर्दीच्या दिवसांतही दाराशी त्याची ओळख तुटू द्यायची नाही.

22 सप्टेंबर, रविवार

अनंत चतुर्दशी होऊन गेली, शहर शांत झालं, आणि भडंग बदलला. औषधाला दीड महिना झालाय, त्याचा वाटा किती आणि सरावाचा किती हे मी सांगू शकत नाही, दोन्ही एकत्रच चाललेत. फरक असा: पूर्वी प्रत्येक मिनिट कमवावं लागायचं. आता अर्ध्या तासाच्या पुढे गेल्यावर तो झोपतो, आणि एकदा झोपला की वेळ आपोआप वाढतो. आज मी, हे आणि चिरंजीव तिघं बाहेर जाऊन मिसळ खाऊन आलो. सव्वा तास. फोन मिसळीच्या ताटाशेजारी, स्क्रीनवर झोपलेला कुत्रा. पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "कुठली मालिका हो?"

6 ऑक्टोबर, रविवार

लिफ्ट पुन्हा चालू. जाळीचा खडखडाट झाला, भडंगने एक कान हलवला.

दोन तास झाले. परत आल्यावर तो उड्या मारून अंगावर येतो. वहिनी म्हणतात, बघा, किती वाट पाहत होता बिचारा. स्वीडनमध्ये 2011 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना एकटं राहण्याचा त्रास नाही अशी कुत्री अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटी ठेवली. दोन आणि चार तासांनी मालक परतल्यावर त्यांनी अर्ध्या तासापेक्षा जास्त जोरात स्वागत केलं, पण दोन आणि चारमध्ये फारसा फरक नव्हता. कुत्र्याला आपण किती वेळ नव्हतो याची काही एक जाणीव असते असं दिसतं. म्हणजे उड्या चालतील. मी त्याला उड्या मारू देते, खाली बसून मान खाजवते, मग पर्स ठेवते. परत आल्यावर कुत्र्याकडे बघूच नका असा एक सल्ला फिरत असतो. तो पाळणं मला जमलं नाही आणि भडंगचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

20 ऑक्टोबर, रविवार

सहामाही परीक्षा चालू. गेल्या आठवड्यात ह्यांची पहिली पाळी परत लागली, म्हणजे तक्त्यातला खरा दिवस उगवला. पावणेअकराला मी निघाले: साडी, डबा, पर्स, किल्ली, लिफ्ट. आजी पावणेतीनला.

व्हिडिओ रात्री पळवत बघितला. पाच मिनिटं दाराशी. गोधडी. साडेअकराला कुरिअरवाल्याने बेल वाजवली तेव्हा दोनदा भुंकला, परत गोधडी. बाराच्या सुमाराला उठून पाणी. मग बेडरूममध्ये, कॅमेऱ्याबाहेर. हा भाग मी श्वास रोखून पाहिला, पण आवाज घोरण्याचा होता. दीडला परत हॉलमध्ये आला, खिडकीशी उभा राहिला, थोडा वेळ कुईकुई, तोंड मिटलेलं. मग झोप. पावणेतीनला आजी.

त्या दीडच्या कुईकुईचं कारण शोधायचं आहे. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी झालं. बहुधा शेजारच्या शाळेची मधली सुट्टी, मुलांचा गलका ऐकून त्याला चिरंजीव आठवत असावेत. खिडकीचा तो पडदा नवा आहे, शाबूत आहे.

27 ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सुट्टी लागली. आता सगळे घरी. मेमध्ये आणि पुरात जे झालं ते तिसऱ्यांदा व्हायला नको, म्हणून सुट्टीचं वेळापत्रक फ्रिजवर:

रोज सकाळी दहा ते बारामध्ये केव्हातरी सगळ्यांनी घराबाहेर, निदान तासभर. काही काम नसलं तरी. अंधार पडल्यावर मात्र भडंग एकटा नाही, फटाके संपेपर्यंत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मधली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, हे त्याच्याबरोबर (ह्यांनाही फटाक्यांचा आवाज आवडत नाही, हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं). फिरायला न्यायचं ते उजाडायच्या आधी नाही तर दुपारी, आणि पट्टा दुहेरी. फटाक्याला घाबरून पळालेली कुत्री या दिवसांतच हरवतात. भाऊबीजेला मी इचलकरंजीला जाईन, सकाळी जाऊन दुपारी परत. दोघं बापलेक आजींना घेऊन त्याच वेळी अंबाबाईला. म्हणजे तीन तास.

औषध किमान आणखी काही महिने, मग डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी. डिसेंबरमध्ये खच्चीकरण.

शाळा उघडेल त्या आठवड्यात ह्यांची पहिलीच पाळी आहे. पहिले दोन दिवस आजी दीडला येतील, मग पावणेतीनला. खालच्या काकांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "मी हाय की घरात. काय वाटलं तर जिन्यात येऊन बोलतो त्याच्याशी, दाराबाहेरनं."